टक्का नेमका कशाचा? जनगणनेआधी मुलांना आकडे वाचायला शिकवूया

देशाची पुढची जनगणना दारात आली आहे. केंद्र सरकारने तिची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी काढली. घरांच्या नोंदणीचा पहिला टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ आणि माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७, असं वेळापत्रक आहे. बर्फाळ भाग सोडला तर बाकी देशासाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली आहे. २०११ नंतरची ही पहिलीच मोजणी, आणि यावेळी जातीचीही नोंद होणार आहे.

आकडे बाहेर पडायला लागले की काय होतं, हे आपण अनेकदा पाहिलं आहे. टीव्हीवर लाल-हिरवे तक्ते झळकतात, मोबाईलवर 'यांचा टक्का वाढला, त्यांचा घटला' असे मेसेज फिरतात आणि संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या चहाच्या टपरीवर प्रत्येकजण तज्ज्ञ झालेला असतो. त्यातले बहुतेक आकडे खोटे नसतात. खरे असतात, पण अर्धे असतात. आणि अर्धा आकडा ओळखायला फार मोठं गणित लागत नाही. सहावी-सातवीची टक्केवारी आणि आठवीचे आलेख पुरतात.

मी संत तुकाराम नगरच्या परिसरात मुलांना शिकवते. खराळवाडी, नेहरूनगर, कासारवाडीची मुलंमुली माझ्यासमोर असतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना सगळ्यात जास्त धडकी भरते ती तक्ते आणि आलेखांवरच्या प्रश्नांची. गंमत अशी, की जे कौशल्य त्या पेपरात गुण देतं, तेच बातमी वाचताना आपल्याला फसण्यापासून वाचवतं. म्हणून दोन्ही गोष्टी इथे एकत्र मांडते.

फीसद, शेकडा आणि जकात

उर्दू माध्यमातली मुलं टक्क्याला 'फीसद' म्हणतात. फी म्हणजे प्रति, सद म्हणजे शंभर. मराठीत जुनी माणसं 'शेकडा' म्हणायची. दोन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात: दर शंभरामागे किती. यातूनच पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न निघतो. शंभर म्हणजे कोणते शंभर? टक्का नेमका कशाचा?

आपल्या घरात हा प्रश्न दरवर्षी येतो. जकात अडीच टक्के, म्हणजे चाळिसावा हिस्सा, हे लहान मुलालाही पाठ असतं. पण अडीच टक्के कशाचे, असं विचारलं तर बरेचजण पटकन म्हणतात, पगाराचे. पगाराचे नव्हे. निसाबपेक्षा जास्त असलेली, चांद्रवर्षभर आपल्याकडे राहिलेली बचत, सोनं-चांदी, व्यापाराचा माल यांचे ते अडीच टक्के. एखाद्याचा पगार ४० हजार आहे, पण सगळा खर्च होऊन हातात काहीच उरत नाही. दुसऱ्याचा पगार २५ हजार आहे, पण घरात दहा-बारा तोळे सोनं आहे. दोघांचा टक्का एकच, हिशोब वेगळा, कारण ज्याच्यावर टक्का काढायचा तो पाया वेगळा.

कारखान्यात काम करणाऱ्यांना हे दुसऱ्या पद्धतीने कळतं. समजा भोसरीत किंवा चाकणला कुणाचा पगार २०,००० होता. मंदीत १० टक्के कापला, राहिले १८,०००. सहा महिन्यांनी मालक म्हणाला, 'घ्या, १० टक्के परत वाढवले.' हातात आले १९,८००. दोनशे रुपये कुठे गेले? कापताना पाया २०,००० होता, वाढवताना १८,०००. टक्का तोच, पाया बदलला. मुलांना हे एक उदाहरण नीट कळलं तर निम्मा धडा झाला.

२००४: सरळ दिसणारी वाढ उलटी निघाली

आता बातम्यांकडे येऊ. सप्टेंबर २००४ मध्ये २००१ च्या जनगणनेचे धर्मनिहाय आकडे जाहीर झाले. त्यात मुस्लिम लोकसंख्येची दहा वर्षांतली वाढ ३६ टक्के दिसत होती. त्याआधीच्या दशकात ती ३४.५ टक्के होती. म्हणजे वेग वाढतो आहे, असा अर्थ निघाला आणि देशभर गदारोळ झाला.

गडबड पायात होती. १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जनगणना झालीच नव्हती. त्याआधी १९८१ मध्ये आसाममध्ये झाली नव्हती. २००१ च्या आकड्यात जम्मू-काश्मीरचे सुमारे ६८ लाख मुस्लिम होते, तर १९९१ च्या आकड्यात तिथलं एकही माणूस नव्हतं. वरच्या संख्येत ते धरले, खालच्या संख्येत धरलेच नाहीत, आणि भागाकार करून टाकला. हे म्हणजे गेल्या वर्षी हजेरी घेताना 'ब' तुकडी सहलीला गेलेली, यंदा ती हजर, आणि आपण म्हणतोय की शाळेची पटसंख्या केवढी वाढली!

ही दोन्ही राज्यं बाजूला ठेवून हिशोब केला तेव्हा चित्र बदललं. वाढीचा दर ३२.९ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आला होता. म्हणजे वेग वाढत नव्हता, कमी होत होता. दुरुस्त आकडे काही दिवसांतच आले, पण तोवर पहिला आकडा लोकांच्या डोक्यात बसला होता. आजही एखाद्या मेसेजमध्ये तो ३६ टक्क्यांचा आकडा भेटतो. चुकीचा आकडा ठोठावून येतो, दुरुस्ती मात्र दबक्या पावलांनी येते.

२०२४: ४३ टक्के आणि ८ टक्के

दुसरं उदाहरण अलीकडचं. मे २०२४ मध्ये, लोकसभेची निवडणूक चालू असताना, पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचा एक अभ्यास चर्चेत आला. १९५० ते २०१५ या काळात जगातल्या देशांमध्ये बहुसंख्य आणि अल्पसंख्य समाजांचा वाटा कसा बदलला, यावर तो होता. भारताबद्दल बातम्यांचा मथळा असा: हिंदूंचा वाटा सुमारे ८ टक्क्यांनी घटला, मुस्लिमांचा ४३ टक्क्यांनी वाढला.

ऐकणाऱ्याला वाटतं, शंभरातले ४३ मुस्लिम जास्त झाले. प्रत्यक्षात त्या अभ्यासातले आकडे असे आहेत. हिंदूंचा वाटा ८४.६८ टक्क्यांवरून ७८.०६ टक्के. मुस्लिमांचा ९.८४ टक्क्यांवरून १४.०९ टक्के. आता साधी वजाबाकी करा. पहिल्यात ६.६२ चा फरक आहे, दुसऱ्यात ४.२५ चा. म्हणजे शंभर माणसांच्या रांगेत ६५ वर्षांत मुस्लिम साधारण दहाचे चौदा झाले.

मग ४३ आले कुठून? ४.२५ ला ९.८४ ने भागलं, की ४३ येतात. ६.६२ ला ८४.६८ ने भागलं, की ८ च्या जवळ येतं. भागाकार बरोबर आहे, त्यात खोटं काही नाही. पण पाया लहान असला की छोटा बदलही टक्क्यात मोठा दिसतो. एका मुलाकडे दोन कंचे होते, तीन झाले, तर वाढ ५० टक्के. दुसऱ्याकडे शंभर होते, एकशे दहा झाले, तर वाढ १० टक्के. जास्त कंचे कुणाला मिळाले, ते तुम्हीच सांगा.

इथे एक शब्द मुलांना शिकवायलाच हवा: टक्केबिंदू. दोन टक्क्यांमधली साधी वजाबाकी म्हणजे टक्केबिंदू. ९.८४ वरून १४.०९ म्हणजे ४.२५ टक्केबिंदूंची वाढ. तीच वाढ टक्क्यात सांगितली तर ४३. पेपरात पर्याय देताना परीक्षक हे दोन्ही आकडे मुद्दाम शेजारी ठेवतात. बातमीत बहुतेक वेळा एकच ठेवतात, जो मोठा दिसतो तो.

आणखी एक बाजू. वाटा वाढला हे खरं आहे, ते नाकारून आपण काही मिळवत नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं की १९९२-९३ मध्ये मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुलं होती, ती २०१९-२१ मध्ये २.४ वर आली. हिंदू स्त्रीमागे ती ३.३ वरून १.९ झाली. दोघींमधलं अंतर १.१ वरून ०.५ च्या आसपास आलं. पूर्ण चित्र हवं असेल तर वाटाही बघा, वाढीचा दरही बघा आणि तो दर कुठल्या दिशेने चालला आहे तेही बघा.

आलेख बघताना आधी तळ बघा

टक्का समजला तरी डोळे फसतात. २००१ च्या जनगणनेत देशात मुस्लिमांचा वाटा १३.४ टक्के होता, २०११ मध्ये १४.२ टक्के. म्हणजे ०.८ टक्केबिंदूंचा फरक. याचा स्तंभालेख काढायला मुलांना सांगा. उभा अक्ष शून्यापासून घेतला तर दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखे दिसतील. आता तोच अक्ष १३ पासून सुरू करा. पहिला स्तंभ ०.४ उंच, दुसरा १.२ उंच. दुसरा पहिल्याच्या तिप्पट! एक आकडाही बदलला नाही, फक्त तळ कापला.

म्हणून वर्गात मी एक क्रम पाठ करून घेते. आधी शीर्षक, मग एकक, मग अक्ष कुठून सुरू होतो, मग पहिलं आणि शेवटचं वर्ष. स्तंभांकडे त्यानंतर बघायचं. एकक हजारात आहे की लाखात, हे न बघता सोडवलेलं गणित कितीही सुंदर मांडलं तरी शून्य गुण.

वृत्तालेखात अक्षाची भानगड नसते. पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं, म्हणून एक टक्का म्हणजे ३.६ अंश. १४.२ टक्क्यांचा तुकडा सुमारे ५१ अंशांचा, काटकोनाच्या अर्ध्यापेक्षा थोडा जास्त. पण वृत्तालेख फक्त वाटा सांगतो, एकूण किती ते सांगत नाही. दोन वर्षांची दोन वर्तुळं सारखीच दिसली, तरी एकामागे शंभर माणसं असू शकतात आणि दुसऱ्यामागे लाख.

आपल्या सोयीचे आकडेही तितक्याच कडकपणे तपासा

इथवर वाचून कुणाला वाटेल, आकड्यांचा खेळ फक्त आपल्याविरुद्ध होतो. तसं नाही. आपणही खेळतो, आणि तेव्हा नुकसान आपल्याच मुलांचं होतं.

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणाचे आकडे घ्या. देशातल्या कॉलेज-विद्यापीठांत मुस्लिम विद्यार्थी २०१४-१५ मध्ये १५.३४ लाख होते. २०१९-२० मध्ये सुमारे २१ लाख झाले. कोविडच्या २०२०-२१ या वर्षात १९.२ लाखांवर आले. २०२१-२२ मध्ये पुन्हा २१.१ लाख झाले.

आता याच चार आकड्यांवरून तीन जण तीन भाषणं करू शकतात. पहिला म्हणेल, एका वर्षात साडेआठ टक्के घट, कौम शिक्षणातून बाहेर फेकली जात आहे. दुसरा म्हणेल, सात वर्षांत साडेसदतीस टक्के वाढ, सगळं उत्तम चाललं आहे. तिसरा म्हणेल, २०१९-२० आणि २०२१-२२ मध्ये काही फरकच नाही. तिघेही खरं बोलतात. प्रत्येकाने आपल्या सोयीचं पहिलं आणि शेवटचं वर्ष निवडलं, इतकंच.

खरा प्रश्न या तिघांपैकी कुणीच विचारला नाही. एकूण विद्यार्थ्यांमध्ये आपला वाटा किती? २०१९-२० मध्ये एकूण ३.८५ कोटींत तो ५.४५ टक्के होता. २०२१-२२ मध्ये एकूण ४.३३ कोटी झाले आणि आपला वाटा ४.९ टक्क्यांच्या आत राहिला. बाकीचे पुढे गेले, आपण जिथे होतो तिथेच उभे राहिलो. ५.४५ टक्क्यांचाच वाटा टिकला असता तर २०२१-२२ मध्ये आपली मुलं २३.६ लाख असायला हवी होती. म्हणजे अडीच लाख मुलंमुली कमी पडली. देशाच्या लोकसंख्येत आपण १४.२ टक्के आहोत, हा आकडा त्याच्या शेजारी ठेवा, म्हणजे काम किती बाकी आहे ते कळेल.

महाराष्ट्राचंही एक उदाहरण आहे. २००१ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ७६.९ टक्के होती आणि राज्यातल्या मुस्लिमांची ७८.१ टक्के. हा आकडा आपल्याकडच्या भाषणांत अभिमानाने सांगितला जायचा. पण राज्यातले सुमारे ७० टक्के मुस्लिम शहरांत राहत होते, तर एकूण राज्यातले शहरी लोक फक्त ४२ टक्के. शहरात साक्षरता तशीही जास्त असते. त्यामुळे शहरी वस्ती जास्त असलेल्या समाजाची सरासरी आपोआप वर जाते. खरी तुलना करायची तर शहरातल्यांची शहरातल्यांशी आणि गावातल्यांची गावातल्यांशी करायला हवी. शिवाय साक्षर म्हणजे पदवीधर नव्हे. नाव वाचता येणारा आणि इंजिनिअर झालेला, दोघेही त्या ७८ मध्ये बसतात. सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ च्या अहवालात साक्षरतेवर न थांबता शाळेची वर्षं, गळती, पदवी, नोकरी असे वेगवेगळे तक्ते दिले, ते यासाठीच.

पेपरात हाच प्रश्न कसा येतो

बँकेच्या परीक्षेत आकडेवारीच्या विश्लेषणाचा वेगळा भाग असतो. एमपीएससीच्या सी-सॅट पेपरमध्ये असे प्रश्न असतात. तो पेपर २०२२ पासून फक्त पात्रतेचा झाला आहे, पण ३३ टक्के गुण नसतील तर पहिल्या पेपरचे गुण बघितलेच जात नाहीत. पोलीस भरतीत अंकगणित आहे, शाळेतल्या शिष्यवृत्ती परीक्षांतही आहे. म्हणून एक गणित आपल्याच गावाचं सोडवू.

२००१ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेची लोकसंख्या सुमारे १०.१ लाख होती, २०११ मध्ये १७.३ लाख. पुणे महापालिकेची २५.४ लाखांवरून ३१.२ लाख झाली.

प्रश्न पहिला: माणसं कुठे जास्त वाढली? पिंपरी-चिंचवडमध्ये ७.२ लाख, पुण्यात ५.८ लाख. इथे फक्त वजाबाकी.

प्रश्न दुसरा: टक्क्यात किती? इथे लांब भागाकार करत बसू नका. १०.१ चे १० टक्के म्हणजे साधारण १, तर ७.२ म्हणजे ७० टक्क्यांच्या थोडं वर. २५.४ चे १० टक्के साधारण अडीच, २० टक्के पाच, उरले ०.८, म्हणजे आणखी ३ टक्के. उत्तर २३ च्या आसपास. पर्याय सहसा एकमेकांपासून लांब असतात, अंदाज पुरतो.

प्रश्न तिसरा: दोन्ही शहरांच्या एकत्र लोकसंख्येत पिंपरी-चिंचवडचा वाटा किती बदलला? आधी ३५.५ पैकी १०.१, म्हणजे २८.५ टक्के. नंतर ४८.५ पैकी १७.३, म्हणजे ३५.७ टक्के. वाढ ७.२ टक्केबिंदू. टक्क्यात विचारलं तर ७.२ भागिले २८.५, म्हणजे साधारण २५ टक्के. पर्यायात ७.२ आणि २५ दोन्ही असतील. प्रश्नातला शब्द नीट वाचला त्यालाच गुण मिळेल.

आणि हे गणित सुटल्यावर मुलांना एवढंच विचारा: ही वाढ का झाली? उत्तर त्यांच्या घरातच असतं. १९५४ चा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, नंतरची एमआयडीसी, मग चाकण. कुणाचे आजोबा बीड-लातूरहून आले, कुणाचे अब्बा बिहारमधून. आकड्याला माणूस जोडला की मुलं तो विसरत नाहीत.

घरात काय करता येईल

यासाठी महागडा क्लास लागत नाही. वर्तमानपत्रात किंवा मोबाईलवर आलेला एक तक्ता रविवारी मुलांसमोर ठेवा आणि चार प्रश्न विचारा. टक्का कशाचा आहे? फरक टक्क्यात सांगितलाय की टक्केबिंदूत? आलेखाचा तळ शून्य आहे का? सुरुवातीचं वर्ष हेच का निवडलं? क्लासच्या जाहिरातीत '९५ टक्के निकाल' दिसला तर पाचवा प्रश्न विचारा: किती जणांपैकी? वीस मुलं परीक्षेला बसली आणि एकोणीस पास झाली, तरी तो ९५ टक्केच.

मुलींना यात मागे ठेवू नका. माझ्या अनुभवात घरखर्चाचा हिशोब अम्मीसोबत बसून करणाऱ्या मुली हे प्रश्न मुलांपेक्षा लवकर सोडवतात. त्यांना फक्त पेपरपर्यंत पोहोचवायचं असतं.

आणि जनगणनेचा कर्मचारी दारात येईल तेव्हा शिक्षण, भाषा, काम, सगळं खरं आणि पूर्ण सांगा. घरातली बी.ए. झालेली सून 'शिकलेली नाही' अशी नोंदली गेली, तर उद्याच्या तक्त्यात तो टक्का कमीच दिसणार. पुढची दहा वर्षं शाळा, दवाखाने आणि शिष्यवृत्त्या कुठे द्यायच्या, याचे निर्णय त्याच तक्त्यांवरून होतील. त्या तक्त्यांत आपण बरोबर मोजले गेलो पाहिजे, आणि ते हातात आल्यावर आपल्या मुलांना ते वाचता आले पाहिजेत.